इंपोर्टेडचं लेबल

खांबावरचं लेबल कार्यकारी अभियंता साहेबांनी वाचलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. पिवळ्या कागदावर ठळक अक्षरांत ‘इंपोर्टेड’. शेजारच्या खांबावर तेच. रचून ठेवलेल्या एकूण एक खांबावर तेच.

जुन्नरबाहेर इसाकभाईंचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. घाटघरच्या रस्त्याला दरीच्या बाजूने क्रॅश बॅरिअर, म्हणजे गाडी खाली जाऊ नये म्हणून लावतात तो लोखंडी कठडा, बसवायचा होता. त्याचे खांब इथे बनले होते. मी थर्ड पार्टी इन्स्पेक्टर, म्हणजे ना सरकारी खात्याची, ना माल बनवणाऱ्याची. माल तपासायचा आणि रिपोर्टवर सही करायची, एवढंच माझं काम.

सरकारी पैशाच्या कामाला लोकल कंटेंटची अट असते. मालाच्या किमतीतला ठरावीक वाटा देशातच तयार झालेला लागतो. आमच्या टेंडरमध्ये तो निम्म्याहून जास्त होता. इसाकभाईंनी तसं डिक्लेरेशन सही करून दिलं होतं. ते खोटं ठरलं तर ऑर्डर जाणार, वर इसाकभाई काळ्या यादीत. मग आठ वेल्डर घरी बसणार.

“मॅडम, आजच रिजेक्शन लिहा,” साहेब म्हणाले.

“लेबल वाचून नाही लिहिणार. माल तपासून लिहीन. दुपारपर्यंत थांबा.”

साहेबांना ते रुचलं नाही. पण सही माझी होती.

इसाकभाईंना बाजूला घेतलं. ते मान खाली घालून बोलू लागले. गेट असो की द्राक्षाच्या मांडवाचे अँगल, ‘इंपोर्टेड’ दिसलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही. म्हणून त्यांनी लेबलं छापून घेतली होती. वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मालाला ती चिकटवायची, ही पोरांची सवय. सरकारी खांबही त्यातून सुटले नाहीत.

मला त्यांचा भयंकर राग आला. तरी बादलीभर पाणी आणि पत्र्याचा तुकडा मागवला, ओढणी खोचली आणि पहिलं लेबल खरवडलं. खाली आपल्याच देशातल्या मिलचा छाप आणि हीट नंबर. मिलमध्ये लोखंडाचा एक घाणा ओतला की त्याला जो नंबर देतात तो.

“लेबल बरोबर इथंच कसं?” मी विचारलं.

“छाप दिसू नाय म्हनून.”

एकेक नंबर मिलच्या सर्टिफिकेटशी ताडून पाहिला. सगळे जुळले. नट-बोल्ट तेवढे खरंच परदेशी निघाले, पण त्यांचा वाटा किरकोळ होता.

साहेब नमले, पण अट घालून. लेबल खोटं आहे असं मालकाने लिहून द्यावं आणि दोन पंचांसमोर वाचून दाखवावं. शेजारचा टायरवाला आला. दुसरे पंच म्हणून ट्रॉली दुरुस्तीला आलेले राजुरीचे बाळूभाऊ उभे राहिले. त्यांच्या वस्तीचं गेट इसाकभाईंनीच केलेलं.

इसाकभाईंनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, गावात तोंड कसं दाखवू?”

“गिऱ्हाइकांशी खोटं बोललो असं तुम्ही लिहा. नाहीतर सरकारशी खोटं बोललात असं मी लिहिते.”

मग ते उठून बाळूभाऊंसमोर गेले.

“भाऊ, तुमच्या गेटाचं लोखंड बाहेरचं न्हाई. आपल्याकडचंच हाय. मी खोटं बोललो व्हतो.”

बाळूभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं. “ट्रॅक्टर धडकला तरी वाकलं न्हाई राव ते. लोखंडाची काय तक्रार नाय. पन मी गावभर सांगत सुटलो ना, परदेशी गेट म्हनून. त्याचं काय करू?”

आणि इसाकभाईंनी लिहून दिलेल्या कागदावर पंच म्हणून सही केली.

खांब पास झाले. कठडा आज घाटघरच्या रस्त्याला उभा आहे. इसाकभाईंनी उरलेली लेबलं माझ्यादेखत जाळली. मी एक धडा घेतला: तपासणीला जाताना पर्समध्ये पत्र्याचा तुकडा ठेवायचा.

परवा राजुरीवरून जाताना बाळूभाऊंचं गेट पाहिलं. पिवळं लेबल अजून तिथेच आहे. वरून त्यांनी पारदर्शक टेप मारली आहे.