ओळखतात ना, मग झालं

बारावीच्या वर्गात ‘जर–तर’ची विधाने शिकवताना मी वर्षानुवर्षे एकच उदाहरण देत आलो. जर तलावाचे पाणी सोडले, तर धानाची बांधी ओली होते. आज पाणी सोडलेले नाही; मग बांधीबद्दल काय सांगता येईल? निम्मा वर्ग उत्साहाने ओरडतो, “कोरडी!” मी हळूच विचारतो, “काहून रे, तुमच्या गावात पाऊस पडत नाही का?” वर्ग हसतो, उत्तर देणारा मान खाली घालतो आणि मला बरे वाटते. आवाज मी कधी चढवला नाही. तुच्छता हळू आवाजातही नीट पोहोचते.

पोरांची हीच चूक मी घरी दीड वर्ष केली, आणि तिथे मला हसणारे कोणी नव्हते.

बाबा आंधळगावचे विणकर. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसण्यात त्यांचा जन्म गेला. स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी सुचवले, की पुढची व्यवस्था आत्ताच, त्यांना विचारून ठरवा. घरी येऊन विचारले, तेव्हा बाबा धोटा बाजूला ठेवून म्हणाले, “ज्या दिवशी मी तुमच्या मायले वळखनार नाही, त्या दिवसापासून मले तिच्या अंगावर टाकू नका. मानूस ठेवा, नाही तं कुठं नेऊन ठेवा.” मी ते सुवाच्य अक्षरात लिहून काढले, खाली त्यांची सही घेतली, एक प्रत तुमसरला दुकान असलेल्या थोरल्या भावाला दिली. पुत्रधर्म दोन प्रतींत पार पडला.

मग दर रविवारी मी भंडाऱ्याहून जाऊन परीक्षा घेऊ लागलो. आईला समोर उभे करायचे आणि विचारायचे, “बाबा, हे कोन?”

“माही बायको होय. तुले मालूम नाही का?” बाबा चिडून म्हणायचे.

आम्ही हसायचो. आई हसत नसे, हे मला आता आठवते. मी भावाला फोनवर निकाल कळवायचो. तो म्हणायचा, “वळखतेत ना, मंग झालं. अन् परवा तुटलेली तार कशी जोडली त्यायनं, पाह्यलं नाही का तू? आपल्या बापाच्यानं होईल का थे?” आपण बापाबद्दलच बोलतो आहोत, हे त्याच्या ध्यानात येत नसे. विणकराच्या घरात माणूस बोटांवरून जोखतात. केसाहून बारीक रेशीम नुसत्या चिमटीत सांधणारा माणूस आजारी असेल, हे आम्हाला पटत नव्हते. पटवून घेणे सोयीचेही नव्हते.

बाबा आईला ओळखत होते. पुढे पुढे तर फक्त तिलाच. म्हणून ती नजरेआड झाली की हाका सुरू होत. ती न्हाणीत गेली की दार वाजे. दुसऱ्या कोणाच्या हातचा घास ते घेत नसत. दिवसातून चार-पाचदा मागाच्या खड्ड्यात उतरत आणि वर यायचे कसे ते विसरत; सत्तरी ओलांडलेली आई त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढून काढी. एकदा तिने सांगितले, “माह्यानं नाही होत आता. कोनाले तरी ठेवा.”

त्यावर मी, तर्कशास्त्र शिकवणारा माणूस, म्हणालो, “बाबा तुले अजून वळखतेत ना, आई? त्यायनंच तसं सांगतलं होतं.”

ती धोतर पिळायला गेली.

बाबांनी तसे सांगितले नव्हते. ओळखेनासे झाल्यावर काय करायचे, एवढेच त्यांनी सांगितले होते. ओळखत असताना काहीच करायचे नाही, ही पुरवणी आमची. वर्गातला पोरगा चुकतो तेव्हा त्याला निदान त्यातून काही मिळत नसते. आम्हाला मोकळे रविवार मिळत होते.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी बाबांना बाहेर काढताना आई स्वतःच खड्ड्यात पडली आणि तिचे मनगट मोडले. दवाखान्यात तिच्या प्लास्टरकडे पाहत भाऊ पुटपुटला, “पन बाबा तं अजून वळखून राहिले.”

“वळखते म्हनूनच तं मरून राहिली मी!” आई म्हणाली. “एखादा दिवस भुलला असता मले, तं घटकाभर पडली असती.” मग माझ्याकडे वळली. “अन् तू शायेत कायचं शिकवतं रे पोट्ट्यायले?”

भावाने कागदाचा विषय काढला, तेव्हा मीच त्याला गप्प केले. पण ते धैर्य दीड वर्ष उशिराचे होते आणि त्याला फुटकी कवडीही किंमत नव्हती.

आता अड्याळचा एक माणूस दिवसभर येतो. खड्ड्यावर फळ्या ठोकल्या आहेत. रविवारी त्याला सुटी असते. त्या दिवशी आई नाकाडोंगरीला मावशीकडे जाते आणि बाबांजवळ मी बसतो. पहिल्याच रविवारी तीन वाजेपर्यंत मी हरलो. “ते कुठं गेली?” हा प्रश्न दर दोन मिनिटांनी येत होता, आणि माझ्या हातचे ताट त्यांनी दोनदा लोटले होते. मी आईला फोन लावला. लवकर येतेस का, विचारले. कारण म्हणून पुन्हा तेच सांगितले: बाबा तुझीच आठवण काढतात.

“काढू दे,” आई म्हणाली. “मी उद्या येतो.”

पलीकडे मावशी कशावर तरी खदखदून हसली आणि फोन बंद झाला. ताट झाकून मी बाबांजवळ जाऊन बसलो. त्यांनी विचारले, ती कुठे गेली. मी सांगितले, नाकाडोंगरीला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले.