मनगट उचलेना

दांडी गावात आमच्या घरामागे बोंबील वाळत घालायला बांबू बांधलेले होते. वरच्या बांबूपर्यंत हात पुरेना म्हणून मी पिंपावर चढले, पिंप सरकलं आणि मी उजव्या अंगावर पडले. दंडाचं हाड मोडलं. मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. पालघरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन करून हाडाला स्टीलची प्लेट बसवली. ऐंशी सालानंतरची गोष्ट.

शुद्धीवर आले तेव्हा नर्स म्हणाली, "बोटं वर करा बघू." मी करायला गेले, तर मनगट खालीच लोंबलं. मूठ वळत होती, पण बोटं उघडत नव्हती.

"आई, माझा हात गेला," मी सासूबाईंना म्हणाले.

"गेला कसा? ह्यो काय, हाय ना हितंच." त्यांनी माझा पंजा हातात घेऊन अंगठ्यामागे चोळला. त्यांचा हात तिथे फिरतोय हे मला नुसतं दिसत होतं, लागत नव्हतं.

डॉक्टर आले. म्हणाले, "मनगट उचलणारी नस या हाडाला चिकटूनच जाते. प्लेट बसवताना ती बाजूला धरावी लागते, त्यात ताणली गेली असेल. बहुतेक परत येईल."

"आणि नाय आली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"मग परत उघडून बघावं लागेल."

घरी आले ती ही धास्ती घेऊनच. मनगट वर धरून ठेवायला कडक पट्टी बांधली होती. नवरा बोटीवर गेलेला. एकदा सासूबाई बाजारात असताना मुलगी रडायला लागली, म्हणून मी पट्टी सोडून तिला न्हाऊ घालायला बसले. साबणाच्या हाताने तिची मान धरली आणि मनगट एकदम खाली पडलं. तिचं डोकं पाण्याकडे गेलं. डाव्या हाताने मी तिला कशीबशी छातीशी ओढली. ती लगेच गप्प झाली. त्यानंतर मी तिला उचलायचंच सोडलं. पाजायचं असलं की सासूबाई आणून कुशीत ठेवायच्या.

"पोर तुला इसरंल," त्या चिडून म्हणायच्या.

"विसरू दे. पडायला नको," मी म्हणायचे.

पुढच्या खेपेला पालघरला गेले. परत चिरणार, हेच डोक्यात. डॉक्टरांनी दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोटाने टकटक केलं आणि माझ्या अंगठ्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी किंचाळले. डॉक्टर हसले. "झिणझिण्या गेल्या म्हणजे नस परत वाढतेय. उघडायची गरज नाही."

मला पटलं नाही. हात तर तसाच लोंबत होता. पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी भाकरी थापायला बसले आणि मनगट पिठावरून जरासं वर उठलं. मी कुणाला सांगितलं नाही. परत करून पाहिलं. परत उठलं. मग मात्र ओरडले, "आई, लवकर या!"

त्यांनी आधी हात पाहिला, मग आत जाऊन मुलीला आणून माझ्या हातांवर ठेवलं. खाली त्यांनी स्वतःचे हात धरले होते. "घे बाय. मी हाय."

अंगठा अजून पुरता उघडत नाही. प्लेट दंडातच आहे. आज नातवंडं धावत आली तरी मी आधी खाली बसते, मगच त्यांना जवळ घेते.