डॉक्टर येस-येसची सही

डॉक्टर दीनानाथ सबनीस चिवड्यातल्या मिरच्या वेचत होते. एकेक तळलेली मिरची चिमटीत धरायची आणि सिंकच्या कडेला ठेवायची. सर्जरीच्या, म्हणजे त्यांच्या दवाखान्याच्या, वरच्या मजल्यावर ते इवलंसं किचन, खाली इंग्लंडातल्या लेस्टरचा रस्ता, आणि जिन्याखाली नीना फोनवर कुणाला तरी "डॉक्टर मीटिंगमध्ये आहेत" म्हणून सांगत होती. मीटिंग अजून सुरूच झाली नव्हती. डॉक्टरांच्या चौकशीला आलेली दोन माणसं शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती आणि डॉक्टर इकडे मिरच्या वेचत होते. का, तर गोऱ्यांच्या दाताखाली येऊ नयेत.

नीना वर आली. वीस वर्षं त्यांच्या काउंटरवर बसलेली, लेस्टरलाच जन्मलेली, आईबाप अकोल्याचे.

"काका, तुम्ही त्यांना चिवडा देणार? ती पाहुणे नाहीयेत!"

"'ते' पाहुणे, नीना. 'ती' नाही."

"माझा ग्रामर सोडा. डिफेन्सवाल्यांना फोन केला का?"

'डिफेन्सवाले' म्हणजे डॉक्टरांवर बालंट आलं की वकील देणारी संस्था. तीस वर्षं डॉक्टर तिची वर्गणी भरत होते आणि तीस वर्षांत एकदाही फोन केला नव्हता.

"कशाला उगीच? गप्पा मारायला आलेत. लंच-टाइम आहे, उपाशी कसं पाठवायचं?"

इथेच गाडी रुळावरून घसरली. पण ते कळायला आधी माणूस कळला पाहिजे.

डॉक्टर मिरजेला शिकले, शहाऐंशी साली इकडे आले, आणि होजिअरीच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत जी सर्जरी धरली ती सोडलीच नाही. कारखाने बंद पडले, पण त्यात मशीनवर वाकून वाकून पाठी मोडलेली माणसं राहिली, आणि ती सगळी यांचीच पेशंट. दुसरे डॉक्टर घड्याळ बघायचे, हे ऐकायचे. मान हलवत, डोळे मिटत, दर दोन वाक्यांना "येस, येस". आपल्याकडे कुणी बोलत असलं की आपण "हो, हो" म्हणतो ना, तसंच. त्याचा अर्थ 'कबूल' नसतो. त्याचा अर्थ 'बोल, ऐकतोय.' मिसेस डॉबसन नावाची म्हातारी, चाळीस वर्षं मोजे शिवलेली, तिनं त्यांचं नावच 'डॉक्टर येस-येस' पाडलं होतं. त्यांच्या पत्नी मीनाक्षीकाकू हसून म्हणायच्या, "सगळ्या लेस्टरला येस-येस, आणि मी पडदे बदलू म्हटलं की नो!"

तर चौकशी कशाची? कडक वेदनाशामकांची. मॉर्फिनच्या जातीची, कातडीला चिकटवायचे पॅचेस, गोळ्या. कुठल्या तरी कंप्युटरनं दाखवलं की या एका डॉक्टरची असली प्रिस्क्रिप्शन्स आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहेत. असणारच होती. मोडक्या पाठीच जास्त होत्या. पण कंप्युटरला पाठ नसते.

आलेल्या बाई सुझन, पन्नाशीच्या, बोलायला चांगल्या. सोबतचा मुलगा टाइप करत होता. काचेचा दरवाजा उघडाच होता, त्यामुळे नीनाला निम्मं ऐकू येत होतं.

"डॉक्टर, काही पेशंटना तुम्ही समोर न बघता पॅचेस पुन्हा दिलेत."

"येस, येस..."

डॉक्टर पुढं सांगणार होते की ती माणसं जिना उतरू शकत नाहीत, मी शनिवारी स्वतः त्यांच्या घरी जातो, ते माझ्या डायरीत आहे, कंप्युटरमध्ये नाही. पण समोरचं वाक्य संपायच्या आत तोंड उघडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

"म्हणजे नोंदी अपुऱ्या राहिल्या."

"येस, येस..."

मुलगा टाइप करत होता. टक टक टक. नीनाला वाटलं आत जावं आणि त्याचा लॅपटॉप धाडकन मिटवावा. गेली नाही. ते तिला अजून खातं.

मग बाईंनी कागद काढला. त्यात होतं की चौकशी पुरी होईपर्यंत डॉक्टर असली औषधं लिहिण्याचा अधिकार स्वखुशीने सोडतील. बाई बराच वेळ काहीतरी समजावत होत्या, आणि डॉक्टर मान हलवत होते. त्यांच्या डोक्यात एकच होतं: लोक लांबून आलेत, कागद घेऊन आलेत, आता त्यांना रिकाम्या हातानं कसं परत पाठवायचं? चौकशी सहा महिन्यांत आटपेल म्हणे, तेवढ्याचा तर प्रश्न. खिशातून शाईचं पेन काढलं आणि झोकात सही केली. मग चिवड्याची वाटी पुढं सरकवली.

"नो चिली," ते म्हणाले. "आय रिमूव्हड देम."

बाईंनी दोनदा घेतला. मुलानं घेतला नाही.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगायला हवं. दोन आठवड्यांत डॉक्टरांच्या नोंदणीच्या रजिस्टरवर, त्यांच्या नावापुढं, असली औषधं न लिहिण्याची अट लागली. कुणीही फोनवर नाव टाकावं आणि वाचावं. शुक्रवारी ते हॉस्पिसमध्ये जायचे, शेवटचे दिवस मोजणाऱ्यांकडे. तिथून प्रेमळ ईमेल आलं की सध्या येऊ नका, कारण तिथं तीच औषधं लागतात. पार्टनर डॉक्टर देव, चांगला पोरगा, पण तोही खाली बघून म्हणाला, "सर, इन्शुरन्सचा फॉर्म आलाय. त्यात विचारलंय, कधी एखादा अधिकार सोडला आहे का? मला खरं लिहावं लागेल."

"लिही की," डॉक्टर म्हणाले. "खोटं कशाला?"

काकूंनी मग रीडिंग गावी फोन लावला. त्यांच्या मावसबहिणीची मुलगी मालविका तिथं सॉलिसिटर, म्हणजे वकील. ती रविवारी आली, कागद वाचला, आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"काका, हा 'स्वखुशीने' शब्द वाचलात?"

"वाचला ना. सभ्य शब्द वाटला."

"सभ्य कसला! त्यांनी काढून घेतलं असतं तर सुनावणी झाली असती, तुम्ही अपील केलं असतंत. तुम्ही तर आपण होऊन दिलंत. दिलेल्या वस्तूवर अपील कुठं करणार? आता पुढचा प्रत्येक माणूस म्हणेल, चूक नव्हती तर सोडलं कशाला? सही नाही केली असतीत तर काय झालं असतं, हे विचारलंत?"

"विचारायचं कसं? बाई बोलत होत्या."

"अहो," काकू म्हणाल्या, "माझं बोलणं तर रोज तोडता!"

हसायला कुणालाच आलं नाही.

मालविका म्हणाली, त्या मीटिंगच्या नोंदी मागवून घेऊ, तो तुमचा हक्क आहे, त्यात कदाचित काही सापडेल. डॉक्टरांनी हात हलवला. "राहू दे गं. कोळसा उगाळावा तितका काळाच. सहा महिने आत्ता जातील."

सहा महिने गेले. मग आणखी चार. चौकशी 'सुरू आहे' एवढंच कळायचं.

आणि मग नोव्हेंबर संपता संपता मिसेस डॉबसन आल्या. काठी टेकत, तीन ठिकाणी थांबत. पाठीचं दुखणं आता कण्यातल्या गाठीचं झालं होतं. त्या बसल्या आणि बोलायला लागल्या, कशी रात्रभर खुर्चीत बसून राहते, कूस बदलता येत नाही, नवे डॉक्टर चांगले आहेत पण दर वेळी वेगळे असतात. डॉक्टर ऐकत होते. येस, येस. येस, येस. बोलून झाल्यावर म्हातारी प्रिंटरकडे बघत बसली. तीस वर्षांची सवय. आधी येस-येस, मग प्रिंटरचा घरघराट, मग प्रिस्क्रिप्शनचा हिरवा कागद.

प्रिंटर वाजला नाही.

"मी... मला ते देता येत नाही आता," डॉक्टर म्हणाले. "देव देईल. गुरुवारी."

"पण तुम्ही येस म्हणालात," म्हातारी म्हणाली.

त्या दिवशी डॉक्टर पाच वाजताच काउंटरपाशी आले. कोट घातला, काढला, परत घातला. नीनाला म्हणाले, "माझं नाव काढून टाकायला काय करावं लागतं बघ. सगळंच. रजिस्टरवरून."

"काका, असं नाही करायचा."

"'करायचं', नीना." आवाजात दुरुस्ती होती, पण जीव नव्हता.

जानेवारीत त्यांनी रजिस्टरवरून नाव काढून घेतलं. चौकशी तिथंच थांबली, ना दोषी ना निर्दोष. निरोपाला काकूंनी चिवडा केला. त्यात मिरच्या तशाच होत्या, कुणी वेचल्या नाहीत. मिसेस डॉबसन तेव्हा नव्हत्या. डिसेंबर लागताच गेल्या, तो गुरुवार यायच्या दोन दिवस आधी.

नीनानं एक गोष्ट मात्र केली होती. मालविकेनं पाठवलेला नोंदी मागवायचा फॉर्म तिनं सुट्टीच्या कागदांच्या गठ्ठ्यात सरकवला होता, आणि डॉक्टरांनी न वाचताच सही ठोकली होती. येस, येस म्हणत. नोंदी आल्या त्या मार्चमध्ये, वाचवायला काही उरलंच नव्हतं तेव्हा.

चौथ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, त्या पोरानं टाइप केलं होतं: सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यायचा आहे का, घ्यायचा असल्यास चौदा दिवस थांबता येईल, असं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, येस, येस.

त्याच्या खालच्या ओळीत सहीची वेळ होती. त्याच मिनिटाची.