बिनमिशीचे मास्तर

आमच्या मास्तरांना मिशी नव्हती. आज यात कुणाला काही वाटणार नाही; पण त्या काळच्या सोलापुरात बाप गेल्याशिवाय पुरुष मिशी काढत नसे. ते नवी पेठेतून निघाले की अनोळखी दुकानदारही चेहरा पाडून विचारी, "वडील कधी गेले?" मास्तर शांतपणे सांगत, "गेले नाहीत. बार्शीकडे गावी आहेत, चांगले खणखणीत."

माझा धाकटा भाऊ बाळू जन्मापासून बहिरा. मुक्या-बहिऱ्यांची शाळा तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत भरे. बाळूला पोचवून परत यायचं सोडून मी खिडकीशी रेंगाळायची. मुळात मी भोचक. मास्तर ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हणत आणि पट्टी फडफडे. मग बाळूचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून 'ब' म्हणत. यातच सकाळ सरे. या माणसाला कंटाळा कसा येत नाही, याचं मला भारी नवल वाटे.

"हातवारे नकोत, तोंडाकडे बघा," हे त्यांचं पालुपद. पण त्यांची पाठ वळली की पोरं वरच्या ओठावरून बोट फिरवत, म्हणजे 'मास्तर'. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्याकडे तोंड करून हसताना मी त्यांना पकडलं होतं.

शेवटी एक दिवस मी मिशीचं विचारलंच.

"अगं, ओठ झाकला तर पोरांनी बघायचं काय?"

"मग वडील काय म्हणाले?"

मास्तर कागदाच्या पट्ट्या कापत राहिले. "'म्या जित्ता हाय आन् तू माजं सुतक पाळतूस व्हय?' एवढंच म्हणाले. तेव्हापासून बोलणं बंद."

दर सणाला मास्तर गावी जात आणि म्हातारा त्यांच्याकडे पाठ करून जेवे. मिशी वाढवली असती तर सगळं मिटलं असतं. परक्याच्या पोरांसाठी कुणी बाप तोडतं का, म्हणून मला त्यांचा रागच येई. मग एके दिवशी बाळूनं चुलीपाशी बसलेल्या आईकडे बघून "आई" म्हटलं. ती भाकरी थापायची थांबली. त्यानंतर मला मास्तरांचा राग आला नाही.

पुढं शाळा मोठ्या जागेत गेली. मास्तरांच्या वडिलांना वयामुळं ऐकू येईनासं झालं, म्हणून थोरल्या मुलांनी त्यांना सोलापूरच्या डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी हात टेकले. ते सगळे मास्तरांकडे उतरले होते, तेव्हा मी भेटायला गेले. झुबकेदार मिशांचे दोघे भाऊ म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडत होते आणि तो वैतागून मान हलवत होता. मास्तर दारातल्या उजेडात त्याच्यासमोर बसले आणि सावकाश म्हणाले, "आप्पा, जेवलात का?"

म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"व्हय, जेवलो की," तो म्हणाला. मग थोरल्यांकडे वळून, "ह्यो एकलाच नीट बोलतुया. तुमी नुसत्या मिशा हालवताय."

मास्तरांचे ओठ थरथरले. म्हातारा पुढं वाकला.

"काय म्हनलास, लेकरा? पुन्यांदा सांग की."