छत्री उघडली की पाठ फिरवायची

चांगल्या पोटाच्या माणसाकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. जेवला, झोपला, सकाळी उठला, आटपली गोष्ट! माझं तसं नाही. माझं पोट विसाव्या वर्षी बिघडलं आणि तेव्हापासून दर महिन्याला एक तरी किस्सा पदरात टाकत आलंय. मी काहीच करत नाही. नुसता तांब्या घेऊन निघतो, आणि मागे गोष्ट तयार होते.

कोलशेतच्या मिठागरावर मी कारकून होतो, तेव्हाचे किस्से तर इतके साचलेत की घरची मंडळी मला जेवणाआधी तोंडच उघडू देत नाहीत. आत्ता जेवणं झालीयत. तेव्हा ऐका.

*

आधी आजार सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. उजव्या कुशीत खालच्या बाजूला पिळा पडायचा, की पळायचं. दिवसातून सात-आठ वेळा. कधी रक्त. संध्याकाळी कणकण, तोंडात फोड, गुडघे धरलेले. मग दोन-तीन महिने काही म्हणजे काही नाही! आता बरा झालो म्हणून पेढे वाटले की तिसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या.

कल्याणचे वैद्य म्हणाले, "ग्रहणी. ताकाशिवाय तोंडात काही घालायचं नाही." ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, "आतड्याला जुनी सूज आहे. ताकाचा थेंबसुद्धा नको." सुजेला नाव काय, असं विचारलं तर म्हणाले, "अजून नाही. ठेवील कुणीतरी."

आमचे अण्णा शाळामास्तर. त्यांनी पोटाचं टाइमटेबलच केलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार वैद्यांचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार डॉक्टरांचे.

"आणि रविवारी?" आईनं विचारलं.

"रविवारी सुट्टी. त्याला हवं ते खाऊ दे."

दोन महिन्यांनी मला आपोआप उतार पडला. वैद्य म्हणाले, "बघा, ताकाचा गुण!" डॉक्टर म्हणाले, "ताक सोडल्याचा गुण!" आई म्हणाली, "दोघं गप्प बसा. गुण रविवारचा आहे!"

*

त्या उतारात मला मिठागरावर नोकरी लागली. नोकरी कच्ची. वर्षभर काम बघणार, मग साहेब येऊन कागदावर 'लायक' किंवा 'नालायक' लिहिणार. काम सोपं. मीठ तोलताना उभं राहायचं आणि गोण्यांवर सरकारी शिक्का मारून घ्यायचा. कारकून हजर नसेल तर तोल बंद, असा नियम.

पहिल्या दिवशी दहा वाजता पिळा आला. मी चारी बाजूंना बघितलं. मिठाचे वाफे, बांध, पुन्हा वाफे. पार खाडीपर्यंत सपाट. आडोशाला एक झुडूप नाही! आणि समोर पन्नास माणसं, त्यात निम्म्या बायका.

जोमा मुकादम म्हणून आगरी होता, पिकलेल्या मिशांचा. त्याला हळूच विचारलं, "इथं जवळपास झाड कुठाय?"

"झाड?" जोमा म्हणाला. "झाड उगवलं असतं त आमी मीठ कशाला पिकवलं असतं?"

माझ्याजवळ अण्णांची मोठी काळी छत्री होती. ती उघडून बांधाच्या उतारावर आडवी धरली आणि मागे बसलो. कान तापलेले. आता सगळं मिठागर हसणार, उद्यापासून इथं पाय ठेवायला नको, असं मनात चाललेलं.

उठून बघतो तर पन्नासच्या पन्नास माणसं माझ्याकडे पाठ करून, तोंडं खाडीकडे करून उभी! टोपल्या खाली, तराजू थांबलेला. मी छत्री मिटली तसा 'खट्' आवाज झाला आणि सगळे वळून कामाला लागले.

दुपारी जोमाला विचारलं, हे कुणी सांगितलं होतं?

"बायजानं," तो म्हणाला. बायजा म्हणजे टोपल्या वाहणाऱ्या बायकांची म्होरकी. तिनं लांबूनच ओरडून सांगितलं, "पोर लाजतंय ना! जल्ला मेला, आमाला डोले फिरवता येत नाय काय?"

त्या दिवसापासून तो मिठागराचा कायदाच झाला. छत्री उघडली की पाठ फिरवायची. नवा माणूस कामाला आला की जोमा त्याला आधी हे शिकवायचा, मग मीठ ओढायला.

*

दुखणं जोरात असलं की पोटात फक्त पेज टिकायची. तीही आईच्या हातची नाही. मिठागराशेजारी मारीबाय म्हणून किरिस्तांव शेतकरीण राहायची. तिच्या लाल तांदळाची पेज पोटात गेली की पोट मुकाट बसायचं. का, ते मारीबायलाही ठाऊक नाही आणि पोटालाही.

मी ती सहा महिने चोरून प्यायलो. एकदा आईला सदऱ्यावर डाग दिसला. उलटतपासणी झाली. मी सांगून टाकलं.  आई चुलीपुढून उठली आणि फडताळातून पितळी तपेली काढली.

"उद्यापासून ही घेऊन जा," म्हणाली. "पेज तिची, तपेली आपली. देवाला मी बघून घेते!"

*

कल्याणला मुलगी बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. जाण्याआधी आई बजावते, "एक अक्षर बोलायचं नाही पोटाचं!" मी बोललो नाही. पोट बोललं.

पोह्यांनंतर एकदा, जेवणाआधी दोनदा, जेवणानंतर दोनदा. दर वेळी जानवं कानाला, हातात तांब्या, परसात; परत येऊन हातपाय धुवायचे, चूळ भरायची आणि गंभीर चेहऱ्यानं पाटावर बसायचं. मला वाटलं, झालं, गेलं स्थळ.

परतताना मुलीच्या वडिलांनी अण्णांचे दोन्ही हात धरले. "इतका सोवळा मुलगा मी उभ्या जन्मात पाहिला नाही हो! दर घटकेला शुचिर्भूत!"

पुढे पत्रिका जुळली नाही. पण कल्याणात त्या आळीत माझं सोवळ्यासाठी नाव झालं ते अजून आहे.

*

फाल्गुनात दुखणं उलटलं. तीन आठवडे अंथरुणात. माझ्या वयाची पोरं तालमीत दंड काढत होती आणि मला भिंत धरून परसापर्यंत जाववत नव्हतं. उगाच शूर होतो म्हणत नाही. रडलो. देवाला, वैद्याला, डॉक्टरला, सगळ्यांना शिव्या घातल्या. बाविसाव्या वर्षी म्हाताऱ्यासारखं जगायचं, तर म्हातारपणी काय करायचं, हे एकच डोक्यात फिरायचं.

कामावर परत गेलो तेव्हा बायजा माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं आणि जोमानं मला दंडाला धरून मिठाच्या तराजूत बसवलं! एका पारड्यात मी, दुसऱ्यात मिठाच्या गोण्या. एक गोणी काढली, तरी माझं पारडं वरच.

"जल्ला मेला!" बायजा म्हणाली. "कारकून अर्धा सांडला कुठं?"

मला हसू येईना. ते बघून जोमानं तराजूची दोरी धरली आणि म्हणाला, "मीठ गुदामात पडलं की घटतं. सरकार हिशोबात तेवढी घट धरतंय का नाय? तशी तुमाला बी घट धरली. पावसाच्या आदी भरून काढा."

तेव्हापासून दर अमावास्येला माझा तोल व्हायचा. पारडं जरा खाली आलं की बायजा गूळ-खोबरं वाटायची. एकदा मी जड भरावं म्हणून तिनंच माझ्या खिशात खडे टाकलेले! जोमानं पकडलं. म्हणाला, "सरकारी तराजू हाय. लबाडी नको!"

*

आता शेवटची.

ठाण्याच्या कचेरीतून आमचे अव्वल कारकून महिन्यातून दोनदा तपासणीला यायचे. बापूसाहेब. पगडी, उपरणं, खिशात घड्याळ. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. दिवसातून सात वेळा तोल थांबतो हे त्यांनी घड्याळ लावून बघितलं. का थांबतो हेही त्यांना स्वच्छ दिसलं. तेव्हा साहेबाला रिपोर्ट करणं आलं.

पण रिपोर्ट इंग्रजीत, आणि वाचणार साहेब! असली गोष्ट सरकारी कागदावर लिहायची कशी? बापूसाहेबांनी तीन दिवस लेखणी चावली आणि लिहिलं, 'सदर कारकून दिवसातून सात वेळा छत्रीखाली विश्रांती घेतो.'

वर्ष भरलं आणि तो रिपोर्ट आणि माझा कागद, दोन्ही खिशात घालून साहेब मचव्यातून मिठागरावर उतरला. मागे बापूसाहेब.

माझी दोन्हीकडून कोंडी. विश्रांती घेतो म्हणालो तर आळशी, नोकरी जाणार. खरं सांगितलं तर रोगी, नोकरी पक्की होणार नाही. पगाराचं सोडा हो, दुसरीकडे कुठे मिळालाही असता. पण ठाण्याच्या कुठल्या कचेरीत पन्नास माणसं माझ्यासाठी पाठ फिरवणार होती? हे पोट घेऊन मी जगू शकेन अशी पृथ्वीवर एकच जागा होती, आणि ती जायला निघालेली.

"ती छत्री कोठे आहे?" साहेबानं पुस्तकी मराठीत विचारलं.

मी पुढे केली. साहेबानं ती उलटसुलट बघितली. "हिच्याखाली इतकी कोणती मौज आहे, ते आम्ही पाहतो," असं म्हणून तो बांधावरून चालत गेला, उतारावर बसला आणि उन्हाच्या बाजूला छत्री उघडून आडवी धरली.

टोपल्या खाली आल्या. तराजू थांबला. पन्नासच्या पन्नास माणसं खाडीकडे तोंड करून उभी राहिली. सगळ्यांत आधी वळले ते बापूसाहेब!

छत्रीवरून साहेबाची टोपी वर आली. "हे काय आहे? बंड?"

जोमा पाठमोराच ओरडला, "उरका साहेब सावकाश! आमी कोन बगत नाय!"

आणि बायजा, तीही पाठमोरी, "पानी लागलं त हाक मारा!"

साहेबानं छत्रीकडे बघितलं. त्या पाठींच्या रांगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. नेमका तेव्हाच, भीतीनं म्हणा, नशिबानं म्हणा, मला पिळा आला. असा की साहेब कोण, नोकरी कसली, काही सुचेना. धावत गेलो आणि हात पुढे केला.

"साहेब, छत्री."

साहेबानं माझा चेहरा बघितला आणि छत्री दिली. पण तिथंच उभा राहिला, बघत! त्याला बिचाऱ्याला कायदा कुठे ठाऊक? तेवढ्यात जोमा उलट पावली चालत आला, पाठ माझ्याकडेच, आणि साहेबाला कोपराला धरून त्यानं खाडीकडे फिरवलं. "वळा साहेब. इथं सगल्यांना योच नियम हाय."

त्या दिवशीचा माझा कागद अजून पेटीत आहे. त्यावर शिसपेनीनं 'लायक' लिहिलंय आणि सहीच्या खाली घामाचा मोठा डाग आहे. घाम जोमाचा. कारण मी छत्री मिटवायच्या बेतात रांगेकडे बघितलं तर जोमा वाकून उभा होता, त्याच्या उघड्या पाठीवर कागद पसरून साहेब लिहीत होता, आणि दोघांचीही तोंडं खाडीकडे.

लिहून झालं. शिसपेन खिशात गेली. साहेबानं मान जराही फिरवली नाही. तसाच, खाडीकडे बघत, त्यानं विचारलं,

"कारकून, आता आम्ही वळावे काय?"