ठकीचा कान आणि आत्याचा दोरा

पुलाच्या मध्यावर आल्यावर माझी नणंद पहिल्यांदा हसली. आम्ही दवाखान्यातून घरी निघालो होतो. वाटेत बस आली तेव्हा मी हात करणार, तर म्हणाली, "नको वहिनी, चालूया. आत्ता बसले तर रडेन."

माझी लेक ठकी पुढे उड्या मारत चालली होती. मी मुद्दाम मागून हळूच हाक मारली. ती लगेच वळली. "काय गं आई?" काही नाही म्हटलं, आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले.

नणंद शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. तिकडे तिला सगळे कॉलरबाईच म्हणतात. आठवडाभर मान मोडून काम करते आणि सुटीच्या दिवशी आमच्या ओट्यावर ठकीबरोबर प्रयोगशाळा मांडते. लिंबाच्या रसाने लिहून इस्त्रीखाली अक्षरं उमटवायची, बाटलीला फुगा लावून सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचं, बशीत ओल्या कापसावर मूग रुजवायचे. ह्यांना ते आवडत नाही. "तुझ्या उचापती माझ्या घरात नकोत," असं बहिणीला बजावतात, आणि फुगा फुगायला लागला की सगळ्यांच्या आधी वाकून तेच बघतात.

परवाच्या सुटीत दोघींनी कागदी पेल्यांचा फोन केला. ठकी दाराशी, आत्या खिडकीशी. आत्या पेल्यात कुजबुजायची आणि ठकी नुसती "हं? हं?" करायची. शिवणाऱ्या बाईला आधी दोऱ्याचाच दोष दिसतो. नणंदेनं दोरा बदलला, गाठी बदलल्या, दोऱ्याला मेण चोळलं. "कारखान्यातला दोराही हल्ली कसला येतो," म्हणून मालकाचा उद्धार केला. शेवटी कंटाळून ठकीनं पेला दुसऱ्या कानाला लावला आणि ओरडली, "आत्या, तुझा श्वाससुद्धा ऐकू येतोय!"

नणंदेचा चेहरा उतरला. माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. आधी एक कान गेला, मग दुसरा. शेवटी भरल्या घरात त्या परक्यासारख्या बसून असायच्या. त्यांच्याशी खुणांनी बोलायला नणंदच असायची. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. माझ्याही मनात तेच होतं.

आज डॉक्टरांनी ठकीच्या कानात उजेड टाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग बारीक आकड्यानं काहीतरी काढून कापसावर ठेवलं. मुगाचा दाणा! फुगून टम्म झालेला.

"हा कुणी घातला?"

"मी," ठकी म्हणाली. "आत्यानं सांगितलंय, रुजायला ओल लागते आणि ऊब लागते. बशीत नुसती ओल होती."

"मग घरी सांगितलं का नाहीस?"

"मोड आल्यावर सांगणार होते."

डॉक्टर हसू दाबत राहिले. मग त्यांनी दोन्ही कान नीट तपासले आणि म्हणाले, "अगदी ठणठणीत आहेत. घेऊन जा."

"बशीत नुसती ओल!" पुलाच्या कठड्याला धरून नणंद आता डोळे पुसत हसत होती. "वहिनी, पोरीनं विचार बरोबर केला हो. जागा तेवढी चुकली."

"डॉक्टरांनी थोडा धीर धरला असता तर मोडही आला असता," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी पुन्हा हसत सुटलो.

आमच्या गल्लीत वळल्यावर मात्र तिची चाल मंदावली. खिडकीत दिवा दिसत होता, म्हणजे हे आले होते.

"दादा आता सगळं बंद करणार. मूग माझाच ना."

"मूग तुझा, तसा फोनही तुझाच. दोरा ताणला नसतास तर आम्हाला कळलं असतं का?"

ती थांबली. ठकी दारापर्यंत पोचली होती.

"मग वहिनी, एवढं कराल? दादाला तुम्हीच सांगा. खोटं नको, ते तुम्हाला जमतही नाही. सगळं खरं सांगा. फक्त फोनचं आधी सांगा, आणि मुगाचं त्याचं जेवण झाल्यावर."