आत्याचे धवले

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. आईपुढे नाही, पीएचडीच्या गाइडपुढे तर नाहीच. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

मी मेंदूवर संशोधन करते, माणसाला आठवतं कसं यावर. प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर माझ्या फोटोखाली लिहिलंय — शहापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली मुलगी, हिला माणसांची फार आवड. मीच लिहून दिलंय ते. खोटं नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर मला किन्हवली यायच्या आत कळलेलं असतं. पण माणसांची आवड असणं आणि माणसाला जपणं — एकच का ते?

ही आवड मला आत्याने लावली. बाबांची थोरली बहीण; नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहिली. ती धवलारीण. लग्नघरी हळदीपासून नवरी निघेपर्यंत धवले गायचे ते तिने. पार मुरबाडहून बोलावणी यायची. गाण्यात घरातल्या एकेकाचं नाव गुंफायची, कुणाला विसरायची नाही. तिच्या मांडीवर बसून मी ते ऐकलंय. माझा जीव होता तिच्यावर — आहे.

आणि तिलाच मी काय केलं?

पीएचडीच्या पहिल्याच सुट्टीत नवी शिकलेली चाचणी घेऊन घरी आले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आत्याला समोर बसवलं. शंभरातून सात वजा कर. घड्याळाचं चित्र काढ. आजची तारीख सांग. आत्या कधी शाळेत गेली नव्हती, पेन्सिल कशी धरायची हेही तिला ठाऊक नव्हतं. आधी हसत चुकली, मग हसायची थांबली. रात्री जेवताना मी सगळ्यांना सांगून टाकलं — आत्याला विसरायचा आजार लागतोय. एवढी शिकलेली पोर म्हणतेय, मग शंका कोण घेणार?

गाव केवढंसं. ऐन लग्नात विसरली तर अपशकुन नको, म्हणून बोलावणी थांबली.

पुढे गाइडनी सांगितलं, शाळा न पाहिलेल्या माणसाला त्या चाचणीने जोखायचं नसतं. तेव्हाच घरी फोन करायला हवा होता ना? नाही केला. बाबा गावभर माझं कौतुक सांगत होते — मला ते गमवायचं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात भावाची हळद होती. स्पीकरवर गाणी लावलेली. आत्या कोपऱ्यात हळद कालवत एक धवला पुटपुटत होती. मी जवळ जाऊन ऐकला. आमच्या घरातलं एकही नाव सुटलं नाही. मला पाहून ती गप्प झाली.

"माझ्या डोक्याचं ते विसरायचं अजून तसंच हाय ना गो?"

मांडवात सगळे होते. बाबाही होते. मी हो म्हणाले.

तिने हळदीचा हात माझ्या गालाला लावला. "बरं झालं तू सांगितलंस. नायतर चारचौघांत चुकले असते."

मी ते ऐकून घेतलं.